ड्यूईला ठाऊक होतं

कॅझ वोझ्नियाक चेंडू फेकायचा आणि ड्यूई गॅलव्हिन तो झेलायचा. हार्लन फॉल्सच्या बेसबॉल संघात ही जोडी अशी जमली होती की पोलाद कारखान्यातली माणसं एकाचं नाव काढलं की दुसऱ्याचं आपसूक घ्यायची. परगावी सामना असला की दोघं एकाच खोलीत उतरायचे. कॅझच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला तोही ड्यूईच. कॅझचं खरं हत्यार म्हणजे ऐन वेळी खाली वळणारा चेंडू. सरावात तो ड्यूईच्या बॅटला कधी म्हणून लागला नाही. "देवाशपथ, दिसतच नाही रे मला हा!" म्हणत तो बॅट आपटायचा आणि कॅझची छाती फुगायची.

छत्तीस सालच्या वसंतात मालकाने ड्यूईला ब्रॅडी मिल्सच्या संघाला विकून टाकलं. खेळाडूला विचारतो कोण! सकाळी सांगितलं, दुपारच्या गाडीने रवानगी. निरोप देताना कॅझची बायको लोटी स्टेशनवर रडली.

ऑगस्टमध्ये ब्रॅडी मिल्सचा संघ हार्लन फॉल्सला आला. सामन्याच्या आदल्या दिवशी ड्यूई कॅझकडेच जेवला. लोटीने कोबीच्या पानात खिमा भरून केला होता. मुलीला मांडीवर घेऊन त्याने दोनदा मागून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मात्र भलतंच घडलं. वळणारा चेंडू टाकला की ब्रॅडी मिल्सचे बॅटर बॅट न हलवता दगडासारखे उभे राहत आणि चेंडू वाया जाई. सरळ, वेगात टाकला की तुटून पडत. ड्यूईच्या जागी चेंडू झेलणारा हार्लन फॉल्सचा नवा कॅचर होबार्ट धावत आला.

"कॅझ, यांना आधीच कळतंय."

"कसं कळेल? कुठला चेंडू टाकायचा त्याच्या तुझ्या खुणा बदलल्यात आपण."

"माझ्या खुणांमुळे नाही. तुझ्याकडे बघून कळतंय."

मग ड्यूई स्वतः बॅट घेऊन आला. कॅझने जीव ओतून वळणारा चेंडू टाकला. ड्यूई आधीच एक पाऊल पुढे सरकला होता. चेंडू कुंपणापार गेला. धावताना ड्यूईने मान वर केली नाही. कॅझला बाहेर बसवण्यात आलं, तेव्हा कारखान्यातली तीच माणसं त्याच्या नावाने बोंबलत होती.

सामना संपल्यावर त्याने ड्यूईला बसपाशी गाठलं.

"तू सांगितलंस त्यांना."

"माझा पगार आता ते देतात, कॅझ."

"ते जाऊ दे. तुला कधी कळलं?"

ड्यूई बुटांकडे बघत राहिला. "पहिल्याच उन्हाळ्यात."

"म्हणजे... सरावात तू मुद्दाम चुकायचास?"

"कॅचरला कधी विकतील सांगता येतं का? काहीतरी हाताशी ठेवावं लागतं माणसाला."

"काय करतो मी? एवढं तरी सांग."

"हंगाम संपला की सांगतो. अजून तीन सामने आहेत तुझ्याशी." बसमध्ये चढता चढता तो म्हणाला, "लोटीला सांग, जेवण झकास होतं."

कॅझ घरी गेला आणि लोटीला फक्त हरलो म्हणाला.

सकाळी त्याने होबार्टला मैदानावर बोलावलं आणि चेंडू टाकायला सुरुवात केली. चार-पाच चेंडूंतच होबार्ट उठून उभा राहिला.

"तुझं बोट. हातमोज्याबाहेर ठेवतोस ना ते? वळवायचा असला की वर उचलतोस."

कॅझने डाव्या हाताकडे पाहिलं. इतकं उघडं. कुणीही सांगितलं असतं.

"हातमोज्याच्या आत घाल, झालं," होबार्ट हसून म्हणाला. "आता बघू कोण ओळखतो ते!"

कॅझने बोट आत घातलं. होबार्ट भला माणूस होता, मदतीलाच आला होता. तरी कॅझ त्याच्याजवळ गेला आणि त्याचा दंड धरून म्हणाला, "आणखी काय दिसलंय तुला? आत्ताच सांग."

"काही नाही रे."

"नक्की?"

होबार्टचं हसू मावळलं. त्याने दंड सोडवून घेतला, तोंडावरची जाळी खाली ओढली आणि जागेवर जाऊन बसला.