माळ्याने काय पाहिलं

रविवारी सकाळी उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये जयूताईंच्या घरी चार माणसं जमायची आणि खुनी शोधायची. खून अर्थातच पुस्तकातले. या मंडळाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता. पोहे होते, पोह्यांवर शेव होती आणि दोन कायदे होते. एक, शेवटची दोन प्रकरणं कपड्यांच्या चिमट्याने बंद करून ठेवायची. प्रत्येकाने आपला खुनी जाहीर केल्याशिवाय चिमटा काढायचा नाही. दुसरा, पुस्तक घरी ठेवून यायचं, कारण शैलेंद्र वकिलांना एकदा गप्पांच्या भरात शेवटचं पान चाळताना रंगेहाथ पकडलं होतं. आपण फक्त छपाईचं साल बघत होतो, असं ते अजूनही सांगतात.

या खेपेचं पुस्तक यज्ञेश्वर सरांनी निवडलं होतं. सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. बाकीचे तिघं बोलताना मराठीत सर्रास हिंदी कालवायचे. सरांच्या मराठीला मात्र कधी डाग लागला नाही. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. पुण्याला लेकीकडे गेले होते तिथून त्यांनी ही कादंबरी आणली, चिमट्यापर्यंत वाचली आणि मंगलाबाईंच्या हाती दिली. मराठी पुस्तक उज्जैनमध्ये मिळायचं म्हणजे मारामार, म्हणून शैलेंद्र आणि जयूताईंनी तिचा हिंदी अनुवाद मागवला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लिपी एकच, गोष्ट एकच. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशीच सगळ्यांची हयात गेलेली.

गोष्ट नाशिकच्या एका डॉक्टरांची. ते आपल्याच बंगल्यात मारले जातात. घरात बायको, भाऊ, कंपाउंडर आणि एक माळी.

"माझा खुनी भाऊ," मंगलाबाई म्हणाल्या. मंगलाबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं, त्यामुळे त्या उत्तर आधी आणि रीत मागून सांगत. "आता कसं ते बघा. माळ्याने खून होताना बघितला. तरी तो नाव घेत नाही. का? तर तो भावाच्या गावचा. त्याला वाचवतोय."

शैलेंद्रांनी पोह्यांचा चमचा थांबवला. "माळ्याने कुठे बघितलं, मंगलाताई? तो तर नंतर आला. आत पाऊल टाकलं तर फरशीभर रक्त. बस, तेवढीच त्याची गवाही."

"अहो नाही. त्याने स्वतः फौजदाराला सांगितलंय की मी बघितलं."

"बिलकुल नाही," जयूताई म्हणाल्या. "मी कालच वाचलं ना. बेचारा रक्त बघून बाहेर पळाला. तुम्ही मागच्या पुस्तकाचं याच्यात मिसळताय."

मंगलाबाई हसल्या. असं कुणी म्हटलं की त्या हसत, कारण त्या सहसा बरोबर असत. त्या सरांकडे वळल्या. "सर, तुम्हीच सांगा यांना. पुस्तक देताना तुम्हीच म्हणालात की माळ्यावर नजर ठेवा, खून त्याने डोळ्यांनी पाहिलाय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी?" ते म्हणाले. "नाही हो. मी असं काही म्हणालो नाही. शैलेंद्र म्हणतात तेच बरोबर असणार."

 नुसत्या दोघांनी नाही म्हटलं असतं तर मंगलाबाई भांडल्या असत्या. पण सर! सरांनी तो शब्द आपल्या दारात उभं राहून उच्चारला होता, हातात पिशवी होती, पिशवीत मेथी होती. इतकं सगळं स्वच्छ आठवत होतं आणि तसं काही झालंच नव्हतं म्हणे.

त्यांनी पोहे तसेच ठेवले. "माझीच गडबड झाली असेल," म्हणाल्या. या मंडळात हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

एका कादंबरीतल्या माळ्यावरून एवढं हादरायचं काय कारण, असं कुणालाही वाटेल. कारण होतं. महिन्याभरापूर्वी मंगलाबाई कुकर गॅसवर ठेवून भाजी आणायला गेल्या होत्या आणि नानाखेड्याच्या त्यांच्या घरातून धूर निघाला होता. शेजारच्या श्रुतीने गॅस बंद केला तो केला, वर पुण्याला आदित्यला फोनही केला. आदित्य एकुलता एक मुलगा, काळजी करण्यात पटाईत. त्याने इंदूरच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि सांगून टाकलं की त्यांना जरा जरी शंका आली, तर घर विकायचं आणि आई पुण्याला येणार. मंगलाबाईंनी त्याला झापलं होतं. कुकर कुणाचाही जळतो, म्हणाल्या होत्या.

आता घरी जाताना ऑटोत त्यांना वाटलं, कुकर जळतो तो कुणाचाही. पण न झालेलं बोलणं कुणाला आठवतं?

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी पुस्तक उघडलं. वाक्य होतं. माळी हात जोडून फौजदाराला म्हणत होता, "साहेब, मी खून पाहिला." त्यांनी ते एकदा वाचलं, मोठ्याने वाचलं, चष्मा बदलून वाचलं. मग तर त्या जास्तच गोंधळल्या. वाक्य खरं असेल, तर तीन शहाणी माणसं ते नाही कसं म्हणतात? आणि सरांनी स्वतः वाचलेलं पुस्तक हेच ना? की छापलेलं एक आणि आपण वाचतो भलतंच, असं काही सुरू झालंय? त्यांनी श्रुतीला बोलावून तिच्याकडून ओळ वाचून घ्यायचं ठरवलं आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. श्रुती पुन्हा पुण्याला फोन करेल याची त्यांना खात्री होती.

आठवडाभर हेच चाललं. आदित्यचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला झापलं नाही. "बघू," म्हणाल्या. त्या 'बघू'ने तो इतका घाबरला की त्याने दोनदा विचारलं, आई बरी आहेस ना. पुण्याला कोणत्या साड्या न्यायच्या, याचा विचार आपण करतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना रडू आलं. हे घर त्यांना सोडायचं नव्हतं. मुळीच नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी कायदा मोडला. पुस्तक पिशवीत घालून नेलं आणि पोह्यांच्या आधीच टेबलावर आपटलं.

"वाचा," त्या शैलेंद्रांना म्हणाल्या. "मोठ्याने वाचा. मला वेड लागलं असेल तर आजच कळू दे."

शैलेंद्रांनी वाचलं. "साहेब, मी खून पाहिला." त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "जयूताई, तुमची प्रत द्या जरा." जयूताईंनी आतून हिंदी पुस्तक आणलं. तेच प्रकरण, तोच माळी, तेच जोडलेले हात. शैलेंद्र वाचू लागले, "साहब, मैंने खून देखा."

"तेच तर आहे!" मंगलाबाई म्हणाल्या.

"तेच आहे," शैलेंद्र म्हणाले. "शब्दाला शब्द तेच आहे. मग आपण भांडतोय कशावरून?"

चौघंही दोन पुस्तकांवर वाकले. जयूताईंनी ओठ हलवत एकदा हे वाचलं, एकदा ते. आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"हे राम! अहो, हिंदीत खून म्हणजे रक्त! अनुवाद करणाऱ्याने मराठीतला खून उचलून जसाच्या तसा ठेवून दिला. आम्ही हिंदीत वाचलं, आम्हाला रक्त दिसलं. मंगलाताईंनी मराठीत वाचलं, त्यांना मर्डर दिसला!"

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. शैलेंद्र म्हणाले, अशा तर्जुम्यावर एखादा निर्दोष फासावर जाईल. मंगलाबाई डोळे पुसत होत्या, हसून की रडून ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोकं ठिकाणावर होतं! घर राहिलं, नानाखेडा राहिला, आदित्यला आता असा झापते की बस.

"पण सर," शैलेंद्र हसता हसता म्हणाले, "तुम्ही तर मराठीच वाचलं होतं ना? मग तुम्ही आमच्या बाजूने कसे?"

सरांच्या हातात मराठी पुस्तक होतं. ते त्या ओळीवर बोट ठेवून वाचत होते, आणि मान हलवत होते, जसं माणूस नवीन काही कळल्यावर हलवतो. शैलेंद्रांचा प्रश्न ऐकून त्यांनी ओळीवरचं बोट काढलं. त्यांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा जयूताईंकडे. मंगलाबाईंनी तो चेहरा ओळखला. आठवडाभर तो त्यांचाच होता.

"अहो, सरांनी मुद्दाम फिरवलं मला," त्या पटकन म्हणाल्या. "गंमत केली त्यांनी. आणि मी वेडी, फसले."

"वा सर, मान गए!" शैलेंद्रांनी टाळी वाजवली. सगळे पुन्हा हसले. सरही हसले, जरा उशिराने.

पोहे झाले, चहा झाला. चिमटा पुढच्या रविवारी काढायचा ठरला. निघताना जिना उतरायला सरांनी मंगलाबाईंच्या मागून सुरुवात केली आणि मधल्या वळणावर ते थांबले.

"मंगलाताई," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "ते पुस्तक मी वाचलं होतं का हो?"

मंगलाबाई दोन पायऱ्या परत वर चढल्या.

"हो, सर. तुम्हीच तर मला आणून दिलंत."

"असं." त्यांनी कठडा धरला. "आवडलं होतं का मला?"

"फार आवडलं होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सरांच्या कोपराला हात दिला. आठवडाभर त्या देवाजवळ एकच मागत होत्या, की चूक दुसऱ्या कुणाची तरी निघू दे. जिना उतरताना त्यांना वाटलं, आपलीच निघाली असती तर बरं झालं असतं.