तुडुमाला कुणी न सांगितलेली गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. आमच्या जातीत म्हातारपण लवकर येतं. ब्रह्मपुरीकडच्या एका गावतलावाच्या पाळीत मी बसलोय. तलावाचं पाणी पाटात सोडणाऱ्या दाराला इकडे तुडुम म्हणतात. पण मी साधासुधा नाही. कुणी हात न लावता मी आपला आपण उघडतो, आपला आपण मिटतो. माझी मोजपट्टी इतकी तल्लख, की तिच्यावर बगळा बसला तर त्याने सकाळपासून किती बेडक्या गिळल्या ते मी थेट नागपूरला कळवत असे. खोटं वाटत असेल तर बगळ्याला विचारा.

माझा जन्म एका यादीतून झाला. नागपूरच्या इंजिनियर डिंपल मॅडमनी लोखंड कापण्याआधी गाव गोळा केलं आणि विचारलं, "दरवाजानं काय काय करायला हवं?"

धानवाले गुणवंतराव म्हणाले, "शेवटच्या बांधीतला धान ओला होयेपर्यंत पाणी आलं पायजे, जी."

मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यातल्या भागीरथाबाई म्हणाल्या, "जाळीत मासा अटकून मराले नाई पायजे."

अशा अकरा गरजा लिहिल्या गेल्या. त्यांवरूनच माझे अवयव ठरले: शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेवटच्या तुकड्यात, ओल चाखणारी काठी, रुंद भोकांची जाळी, मोटार. मग एकेक गरज वाचून माझी परीक्षा झाली. अकरापैकी अकरा! पेढे वाटले, मला हार घातला. मी फुगलो.

माझ्याआधी चैतू नावाचा म्हातारा लाकडी खुंट्या उपसून पाणी सोडायचा. सगळ्यात खालची खुंटी तो कधीच काढत नसे. तळाचं दोन हात पाणी मासळीचं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणूनच ते कुणी सांगितलं नाही.

तीन वर्षं पाऊस बरा झाला, त्यामुळे काही उघडकीला आलं नाही. गेल्या वर्षी भागीरथाबाईंनी आणखी सहा बायका जमवून तलावात मासळीचं बीज सोडलं. मासळीवरच वर्ष काढायचं, मिरची तोडायला तेलंगणात जायचं नाही, असं सातही घरांनी ठरवलं. नेमका धान निसवताना, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी, पाऊस गेला. काठी म्हणाली, कोरडं. मी उघडलो. पाणी वाटेतच मुरे, शेवटच्या बांधीपर्यंत पोचेना. काठी म्हणतच राहिली, कोरडं, कोरडं. मी उघडाच राहिलो.

पाचव्या दिवशी भागीरथाबाई मांडीभर चिखल तुडवत आल्या आणि मला दोन्ही हातांनी ढकलू लागल्या. "मिट ना, बापा! मासोळ्या चालल्या! बुढ्या चैतूले तं सांगा लागत नोतं!"

पण हाताने मिटायची सोय माझ्यात नव्हती. कुणी मागितलीच नव्हती.

गुणवंतरावांनी पाळीवरून फोन लावला. "मॅडम, हा मिटून नाई राह्यला."

"काका, इथे स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतंय. अकराही गरजा पूर्ण होतायत."

"अवो, तळाचं पाणी मासळीचं असते!"

"हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

"हे का सांगाची गोष्ट हाये?"

मॅडमनी नागपुरातून मला मिटवलं, तेव्हा आत चिखल उरला होता. जाळीत मात्र एकही मासा अडकला नाही. सगळे पाटात जाऊन उताणे पडले. आणि शेवटची बांधीही कोरडीच राहिली.

संक्रांतीनंतर मॅडम आल्या, त्यांनी यादीत बारावी गरज लिहिली. त्याच दिवशी मिरचीवाल्यांची जीप उभी होती. मॅडमनी हळूच विचारलं, "बाई, अजून काही सांगायचं राहिलंय का?"

भागीरथाबाईंनी बोचकं टपावर फेकलं. "पाणी होतं तवा इचाराचं होतं, पोरी."

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखी यंत्रं कराल. तेव्हा लोक काय मागतात तेवढंच लिहून उठू नका. ज्याची जागा यंत्र घेणार, त्या माणसाजवळ चार दिवस बसा, तो काय करत नाही तेही पाहा. मी आपलं सांगतोय. ऐकेल कोण, देव जाणे. यंदा तलाव भरलाय, आणि मी शहाण्यासारखा मिटून उभा आहे. पण बीज सोडायला कुणी आलं नाही. ढिवर मोहल्ल्यात सात घरांना अजून कुलपं आहेत.