पत्रे आत, कड्या बाहेर

न्युर्नबर्गहून हातांच्या चिलखताचे पोलादी पत्रे आले तेव्हा आमची तान्ही इर्मेल सात आठवड्यांची होती. दंडाला एक, मनगटापर्यंत एक, मधे कोपराची वाटी. माझे यजमान ओर्टलीब त्यांत स्वतःचं तोंड बघत होते. शेजारच्या गढीवाल्याशी वैर पेटलं होतं आणि सकाळी त्यांना निघायचं होतं.

गेरविग सासऱ्यांच्या वेळेपासून आमची शस्त्रं सांभाळतो. तो म्हणाला, "मालक, आधी गोधडीचा अंगरखा, त्यावर पत्रे, आणि वरून लोखंडी कड्या विणलेली सैल बाही. आपल्याकडं असंच बांधतात."

"इतके लखलखीत पत्रे झाकायचे? मग आणले कशाला?"

धाकटे दीर डीटहेल्म खिडकीत सफरचंद खात होते. "खरंय दादा. काय फोडायचंय ते समोरच्याला दिसायला नको?"

मग उजव्या हाताला कड्यांची बाही आत गेली आणि पत्रे वर आले. पट्टे शेवटच्या भोकात कसेबसे बसले. मी पाळण्यापाशी बसून बघत होते.

"अहो, कपाळाला हात लावून दाखवा."

"कशाला?"

"शिरस्त्राणाची झडप तोंडावर ओढायची झाली तर?"

हात छातीपर्यंत आला नि अडला. कोपराच्या खोबणीत कड्यांचा गोळा झाला होता आणि पट्टा त्याला वरून दाबत होता. त्यांनी डोकंच हाताकडे आणलं.

"वा! शत्रूपुढं मान झुकवायची सोय झाली," दीर म्हणाले.

"गप रे. घामानं चामडं सैल होतं. निभेल."

गेरविग पट्ट्यांची टोकं खोचत राहिला. त्यानं एकदा सांगितलं होतं. नोकर दोनदा सांगत नाही.

"माझ्या भावाची झडप उघडीच राहिली होती," मी म्हणाले. "त्याचं तोंड मी धुतलंय. धुण्यासारखं फार नव्हतं."

दिरांनी सफरचंद खाली ठेवलं. ओर्टलीब पाळण्याकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. त्यांनी हात पुढे केला. "सोड, गेरविग."

या वेळी त्यानं हात वाकवूनच धरायला लावला. अंगरख्यावर पत्रे बसवले, पट्टे आवळले, मग घंटेसारखी रुंद बाही वरून सोडली. न्युर्नबर्गचा एक कणही दिसेना. ओर्टलीब अगदी सासऱ्यांसारखे दिसू लागले, आणि ते त्यांना आवडलं नाही.

"कुणी विचारलं तर सांगू आम्ही, आत आहेत म्हणून," दीर म्हणाले.

ओर्टलीबनी कपाळाला हात लावला. परत लावला. मग नाक खाजवलं.

"खडखडतंय मात्र."

पट्ट्यांनी रक्त अडलं नाही ना, हे बघायला मी उठून त्यांचं नख दाबलं. पांढरं झालं आणि लगेच गुलाबी.

"झालं समाधान?"

"अर्धं. डावा हात बांधून घ्या आता."