धाकट्या जावेची तीन चित्रं

आमच्या चित्रकार मंडळात आम्ही सातजण आहोत आणि प्रत्येकाचं ठाम मत आहे की उरलेल्या सहांना चित्रं काढता येत नाहीत. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. त्यात प्रत्येकाने बाहेरचा एक चित्रकार पाहुणा म्हणून आणायचा आणि पाहुण्याची चित्रं यजमानाच्या चित्रांशेजारीच लावायची, असा नियम आहे.

तो कुणी केला देव जाणे, पण कसा पाळायचा ते सगळ्यांना न सांगता कळलेलं आहे. आपल्यापेक्षा कच्चा गडी शोधायचा. आमच्यातल्या वकीलसाहेबांचे घोडे कुत्र्यांसारखे दिसतात, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी असे एक गृहस्थ आणले की ज्यांची कुत्री उशांसारखी दिसतात. त्यांच्याशेजारी साहेबांचे घोडे अगदी चौखूर उधळले होते.

प्रदर्शनातलं एक चित्र वाचनालय आपल्या खालच्या वाचनकक्षात कायमचं लावतं. नऊ वर्षं मी जलरंगात तळी काढतेय आणि नऊ वर्षं ग्रंथपालबाई त्यांच्यासमोरून “छान, छान” म्हणत पुढे जातायत. यंदा काहीही करून माझं तळं खाली लागायलाच हवं होतं. म्हणून मी धाकट्या जावेला बोलावलं.

ती दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलावर बसते. फावल्या वेळात काहीतरी रंगवते, असं दीर बोलता बोलता म्हणाला होता. मी तिचं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं, पण पाहायची गरज काय? भाजी चिरताना तिला दोन फोडी सारख्या करता येत नाहीत.

“मी? प्रदर्शनात?” ती फोनवर म्हणाली. “ताई, चेष्टा करताय का माझी?”

“अगं, घरचंच आहे सगळं. काय असतील ती घेऊन ये.”

जुन्या चादरीत गुंडाळून तिने तीन चित्रं आणली. मी चादर सोडली आणि माझी बोबडीच वळली. दवाखान्यात ताटकळलेली माणसं होती ती. गाल धरून बसलेला एक म्हातारा. आपलं नाव पुकारलं तरी जागची न हलणारी एक बाई. आणि बायको खांद्यावर डोकं टाकून झोपलीय म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेणारा एक नवरा. म्हाताऱ्याकडे बघून माझी दाढ ठणकायला लागली. पोटात दुखायला लागलं ते वेगळंच.

उद्घाटनाला वकीलसाहेब कानाशी येऊन कुजबुजले, “काय हो, आधी पाहिली नव्हतीत?”

“नाही.”

“कमाल करता! मी तर दोनदा घरी जाऊन खात्री करून घेतो.”

तेवढ्यात ग्रंथपालबाई आल्या. तळ्यांपुढून “छान, छान” करत सरकल्या आणि त्या नवऱ्यापुढे थबकल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. नावाच्या चिठ्ठ्या अजून लागायच्या होत्या आणि जाऊ चहा आणायला गेली होती.

“हे तुमचं?” त्यांनी मला विचारलं.

‘हो’ अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. सांगायला लाज वाटते, पण आलं होतं.

“माझ्या जावेचं,” मी म्हणाले. “हेच खाली लावा. आणि आत्ताच ठरवून टाका, माझा काही भरवसा नाही.”

जाऊ दोन कप घेऊन परतली. मी तिला बातमी सांगितली तर ती मटकन खुर्चीत बसली, अर्धा चहा साडीवर. मग रडली. तिचं रडणं बघून मला राहवेना.

“ऐक,” मी म्हणाले. “तुझी चित्रं भिकार असतील असं वाटलं, म्हणून बोलावलं तुला. माझी उठून दिसावीत म्हणून.”

तिने नाक पुसलं. “मी पण एक सांगू? रागावणार नाही ना? गेल्या वर्षी मी गुपचूप येऊन प्रदर्शन बघून गेले. तुमच्या तळ्यांपुढे खूप वेळ उभी होते. इथूनच तडक दुकानात गेले आणि रंग घेतले.”

“एवढी आवडली?” मी विचारलं.

“नाही हो, ताई. म्हटलं, ही भिंतीवर लागतात, तर आपण काढायला काय हरकत आहे?”

मला सणसणीत राग आला. पाठोपाठ हसू आलं आणि मग दोन्ही आवरेनात. नऊ वर्षांत माझ्या चित्रांसमोरून निघून कुणीतरी थेट रंगांच्या दुकानात गेलं होतं.