पटेलाचं सिम

आमच्या मोहल्ल्यात कोणी नवा फोन घेतला की लोक फोन बघत नाहीत. आधी विचारतात, आत सिम कोणाचं?

आमचं गाव बोथ मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं म्हणा. गावात टॉवर एकच, आणि तो डोमाजी पटेलाच्या वावरात. त्या कंपनीला नाव आहे, पण आमच्याकडे ते कोणी घेत नाही, ते नुसतं पटेलाचं सिम. दुसरं हायवेचं सिम, म्हणजे नेरडीगोंड्याकडे मोठ्या रस्त्यावर ज्या कंपनीचा टॉवर आहे तिचं. पटेलाचं सिम घरात चालतं, न्हाणीत चालतं, गोठ्यात चालतं. हायवेचं सिम महिन्याकाठी जरा स्वस्त पडतं, पण आमच्या मोहल्ल्यात ते फक्त विहाराच्या जिन्यावर चालतं, तेही वरच्या पायरीवर उभं राहून, नेरडीगोंड्याकडे तोंड केलं तर. तरी आमची झाडून सगळी बौद्ध घरं हायवेचंच सिम वापरतात. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. मला आतल्या माणसाला जास्त वाटतं.

याचं कारण माझी आई, राहीबाई. ती पूर्वी पटेलाच्या वावरात कापूस वेचायला जायची. माझे बाबा, नागनाथ, मंडल ऑफिसात अटेंडर, म्हणजे शिपाई, म्हणून पक्के झाले, मी बी.एड. केलं, तेव्हा तिने जाणं सोडलं. पटेलाने बोलावणं धाडलं, ती गेली नाही. मग एकदा ती फोनवर बोलत चावडीसमोरून चालली होती, तर पटेलाने तिला भर लोकांत थांबवलं. म्हणाला, "माया वावरातल्या टावरवर गुलुगुलु बोलता, अन् त्याच वावरात काम कराले लाज वाट्टे काय तुमाले?" चावडीवरचे सगळे हसले. आईने फोन पदराखाली घेतला आणि घरी आली.

त्याच संध्याकाळी विहारात बैठक बसली. बाबा कमिटीचे अध्यक्ष. ठराव झाला की पटेलाच्या टॉवरवर आपण बोलायचं नाही. थोड्याच दिवसांत घराघरातले नंबर हायवेच्या कंपनीत गेले. पटेलाला काय फरक पडला? काही नाही. कंपनी त्याला जागेचं भाडं देते. आम्ही बोललो काय आणि मुके बसलो काय, त्याचं भाडं तेवढंच. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा तो हा असा. फक्त इथे ज्याला अपशकुन करायचा, त्याला आमचं नाक कापलेलं दिसलंही नाही.

दोन वर्षं मी त्या जिन्यावर उन्हात उभी राहून बोलले आणि ठरावाविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. मग निझामाबादच्या एका खासगी शाळेचा निरोप आला. गणिताच्या बाई हव्या होत्या, राहायला खोली देणार होते. एकच अट होती, फोनवर व्हिडिओ लावून पाऊण तास डेमो शिकवायचा, सोमवारी दहा वाजता. बी.एड. करून मी घरात बसले होते. गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेत होते, लग्नाची स्थळं ऐकून घेत होते. मला ती नोकरी हवी होती, दुसरं काही नको होतं. माझ्या जुन्या फोनची काच फुटलेली आणि कॅमेऱ्यात धुकं. म्हणून शिकवणीचे साठवलेले पैसे घेतले आणि शनिवारी बोथला गेले.

मोबाईलच्या दुकानात करण बसतो. तो पटेलाच्या बहिणीचा मुलगा, पण बोथमध्ये दुकान ते एकच बरं. त्याने मला पहिल्यांदा सेल्फीचा फोन दाखवला, मग ज्याचा रंग उन्हात बदलतो तो, मग ज्याच्यावर इअरफोन फुकट तो. प्रत्येक वेळी "अक्का, हा लेडीजमध्ये लई चालते" म्हणायचा. मी त्याला सांगितलं, मला लेडीजमध्ये चालणारा नको, पाऊण तास न अडकता चालणारा दाखव. बॅटरी किती टिकते, समोरचा कॅमेरा अंधाऱ्या घरात कसा दिसतो, तापतो का, एवढंच सांग. तो नाराज झाला. बाईमाणसाने फोनचा रंग सोडून काही विचारलं की यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. शेवटी त्याने खालच्या कप्प्यातून एक साधा काळा फोन काढला, जाडजूड, स्वस्त, मोठ्या बॅटरीचा. मला तोच पसंत पडला.

"सिम दोन बसते यात," करण म्हणाला. "हायवेचं तर हायच तुमचं. दुसरं कोणतं देऊ?"

आणि मागच्या स्टुलावर बसून चहा पीत होता खुद्द डोमाजी पटेल. मी आत शिरले तेव्हा मला तो दिसला नव्हता. आता त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. हा माणूस बाजूला जाऊन फोनवर बोलू शकला असता, बाहेर जाऊन पान खाऊ शकला असता. तो मुद्दाम बसून राहिला.  मनात आलं, फोन इथेच टाकावा आणि निघून जावं. पण मग सोमवारी शिकवू कुठून? बोथच्या बसस्टँडवर फळा टांगू?

मी त्याच्या डोळ्यांत बघून करणला म्हटलं, "गावातल्या टावरचं दे."

पटेल गालातल्या गालात हसला तेवढा. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. हसण्याला काय देणार?

घरी आल्यावर लपवाछपवी केली नाही. फोनच्या डोक्यावर दोन्ही कंपन्यांची नावं दिसत होती, लपवणार काय? बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि फोन खाटेवर टाकला. सारा मोहल्ला उन्हातान्हात जिन्यावर उभा राहतो, आणि अध्यक्षाची पोरगी घरात सावलीला बसून पटेलाच्या टॉवरवर बोलणार, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मोहल्ला उभा आहे कारण तुम्ही उभा केलाय. ते म्हणाले, तुझ्या आईच्या इज्जतीसाठी केलाय. मी म्हटलं, आईची इज्जत सिममध्ये ठेवता येत असती तर पटेलाने कधीच विकत घेतली असती. आवाज इतका चढला की शेजारची मथुराबाई भिंतीआडून खाकरली. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी बाबा थकून बसले. म्हणाले, "सोमवार होऊ दे. मंग काढून फेक. तवरोक मी काई नाई बोलत." मी हो म्हटलं. बाबांनी कबूल केलेली गोष्ट कधी मोडलेली मी पाहिली नव्हती. ऑफिसातले साहेबसुद्धा तसंच सांगायचे.

रविवारी पटेलाने आपलं काम केलं. हॉटेलात भज्यांच्या कढईपाशी उभं राहून त्याने गावाला सांगितलं की राहीबाईची पोरगी आली टॉवरवर, आता राहीबाईही येईल कापूस वेचायला, रांगेत लागा म्हणावं. कमिटीची माणसं तिथेच चहा पीत होती. त्यांनी येऊन बाबांना जाब विचारला. बाबा ओट्यावर बसून ऐकत राहिले. मी आतून ऐकत होते आणि मला पटेलाची चीड आली, कमिटीची आली, आणि सगळ्यात जास्त बाबांच्या खाली गेलेल्या मानेची आली. त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं की पोरीला नोकरी लागतेय, चालते व्हा.

सोमवारी सकाळी मी फोन चार्जिंगला लावून आंघोळीला गेले. परत येऊन साडी नेसले, भिंतीला काळा कागद चिकटवला, खडू घेतला, अपूर्णांकांचा धडा मनात म्हणून पाहिला. पावणेदहाला फोन हातात घेतला तर डोक्यावर एकच नाव, हायवेचं, आणि त्यापुढे रेषा एकही नाही. सिमचा कप्पा उघडला. एक खाच रिकामी.

बाबा दारात उभे होते. सिमचा कप्पा उघडायला घेतलेली ब्लाऊजची पिन अजून हातात तशीच होती.

"चुलीत टाकलं," ते म्हणाले.

बोथला जाणारी बस निघून गेलेली. वरच्या आळीत जाऊन पटेलाचं सिम वापरणाऱ्या कोणाच्या दारात फोन मागण्याइतका वेळ नव्हता, आणि मागितला असता तर कोणी दिला असता? मी काळा कागद भिंतीवरून ओरबाडून काढला आणि विहाराच्या जिन्यावर धावत गेले. कागद कठड्याला टेकवला, तोंड नेरडीगोंड्याकडे केलं, उन्हात उभी राहून शिकवायला लागले. पलीकडून मॅडम सारख्या म्हणत होत्या, आवाज तुटतोय, चित्र थांबलंय. माझा उघड्या तोंडाचा चेहरा पडद्यावर गोठून राहिला. त्यांनी तीनदा फोन कापला आणि लावला. चौथ्यांदा लावला नाही. चार दिवसांनी निरोप आला की जागा भरली.

मी रडले नाही. बाबांशी बोलणं बंद केलं, त्यांच्या ताटात वाढणं बंद केलं. त्यांना वाटलं असणार की राग आठवड्याभरात उतरेल. पण मोहल्ल्यात दुसरीच गोष्ट पिकली होती. जिन्यावर धावत गेलेली मी सगळ्यांना दिसले होते. लोकांनी ठरवून टाकलं की उत्कर्षाने, म्हणजे मी, पटेलाचा टोमणा ऐकला, सिम चुलीत टाकलं आणि नोकरीला लाथ मारली. बाबांनी ही गोष्ट उठवली नाही. पण जो येऊन पाठ थोपटत होता, त्याला त्यांनी थोपटू दिलं. मान परत वर आली.

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर कमिटीने माझा सत्कार ठेवला. मला आधी सांगितलंही नाही. एकाने भाषण केलं, स्वाभिमान म्हणजे काय ते या पोरीकडून शिका म्हणाला. बाबा अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्याच हाताने मला शाल घालायची होती. त्यांनी ती उलगडली आणि माझ्यासमोर धरली. त्यांच्या डोळ्यांत विनंती होती, ती मला स्पष्ट दिसली. म्हणूनच मला जास्त संताप आला.

"सिम मी नाई जाळलं," मी बाबांकडे बोट करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "यायनं जाळलं. मले कबूल करून जाळलं. मले नोकरी पायजे होती."

 बाबांच्या हातात शाल तशीच राहिली. भाषणवाल्याने काहीतरी सावरायला सुरुवात केली, की बापाने केलं काय आणि पोरीने केलं काय, प्रश्न राहीबाईच्या मानाचा आहे. तेव्हा बायकांच्या बाजूने आई उठली. विहारात ती आजवर कधी बोलली नव्हती. बोलली ती बाबांशीच.

"तो मले बोलला होता. तुमाले कोण बोललं होतं? दोन वर्सं झाली, मले कोणी इचारलं का, का राहीबाई, तुले काय पायजे? मले हे पायजे होतं का मायी पोरगी निझामाबादले बाई म्हणून उभी राह्यन, अन् पटेल ते पाह्यन. तुमी ते चुलीत घातलं."

मग तिने कमरेची पिशवी सोडली, आपला फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "उद्या बोथले जाय. तुयात बी टाक, मायात बी टाक. पटेलाच्याच कंपनीचं. तो हसन. मी हसू देतो त्याले."

आम्ही दोघी उठून घरी आलो. मागून कोणी थांबवलं नाही. मोहल्ल्यात ठराव अजून आहे, आणि आमच्या दोघींशी बरीच घरं बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी करणकडून दोन सिम आणली आणि घरात बसून आणखी तीन शाळांना फोन लावले.

पण ते नंतरचं. त्या पौर्णिमेला बाबा उशिरा घरी आले आणि जेवले नाहीत. आम्ही दोघींनी जेवून घेतलं होतं, पोटभर.