एकाच शेडमधलं कोकम

येसूबाईंच्या अंगणात चार वर्षं कोकम सरबताचा कारखाना चालला. कारखाना म्हणजे काय, तर चैत्र सरता सरता वाडीतल्या आठ बायका जमायच्या, कोकमाची फळं, म्हणजे रातांबे फोडायच्या, सालं साखरेत मुरवायच्या, आणि तोंडानं अखंड गप्पा. येसूबाईंचा नवरा मुंबईला गोदीत, मूलबाळ नाही. वर्षातले ते दीड महिनेच काय ते घर भरलेलं असायचं.

असे पाच कारखाने होते. देवरूखात दोन, हातखंब्याला एक, पालीला भागोजींचा आणि वाडीतला हा. साखर नि बाटल्या कोल्हापुराहून पाचही जण वेगवेगळ्या आणायचे, पाच वेळा भाडं मोजायचे. चौऱ्याऐंशी साली येसूबाईंनीच सगळ्यांना पालीला गोळा केलं आणि एकच ट्रक ठरवून टाकला. सातवी शिकलेल्या बाईचं पुरुषांनी ऐकलं, आणि त्याच हंगामात सगळ्यांचा खर्च उतरला.

पुढच्या वर्षी भागोजींनी विचारलं, "वहिनी, अजून कुठं वाचेल?"

येसूबाईंना ते ठाऊक होतं. वाडीचा चढ असा की टेम्पोवाला दुप्पट भाडं घ्यायचा. साखर वर चढवा, भरलेल्या बाटल्या खाली उतरवा, त्यात चार फुटणारच.

"माझा कारखाना बंद करा," त्या म्हणाल्या. "बायका सकाळच्या एस्टीनं पालीला येतील. तुमची शेड मोठी आहे."

"आणि तुम्ही?"

"मी खरेदी बघेन."

त्या वैशाखात बायका त्यांच्या दारावरून एस्टी गाठायला जायच्या, आणि अंगण दिवसभर सारवलं तसंच राहायचं.

एका शनिवारी येसूबाई पालीला गेल्या. शेडमधलं हसणं बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. त्या आत शिरल्या आणि ते थांबलं. वाडीतल्या हौसानं उठून खुर्ची आणली.

येसूबाई खुर्चीवर न बसता खाली बसल्या, रातांब्यांची पाटी पुढ्यात ओढली.

"तुमी कशाला हात रंगवताय, बाय?" हौसा म्हणाली. "साखर बघायला आलाय ना? कणभर वाया गेली नाय."

"साखर बघायला नाही आले."

"मग?"

येसूबाईंनी एक पाटी फोडून संपवली. बायका बोलत होत्या, पण हलक्या आवाजात, आपापल्यात. दुपारी सगळ्यांनी डबे सोडले, तेव्हा भागोजींच्या बायकोनं त्यांना पाहुण्यासारखं आत जेवायला नेलं.

निघताना त्या भागोजींना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बाटल्या होळीआधीच सांगून ठेवा. स्वस्त पडतील." भागोजी खूश झाले.

फाट्यावर उतरून त्या चढ चढून घरी आल्या आणि नवऱ्याला पत्र लिहायला बसल्या. यंदा खर्च पुष्कळ वाचला, सगळी मंडळी समाधानी आहेत, असं लिहिलं. मग खाली जागा उरली होती, तिथं लिहिलं, जमलं तर चार दिवस येऊन जा. गणपतीशिवाय ते यायचे नाहीत हे माहीत होतं. तरी तेवढं ठेवून त्यांनी पत्र चिकटवलं.