भोंग्यातून घेतलेलं नाव

मित्रांनो, मी तांड्यावरचा एक जुना भोंगा आहे. पांढरकवड्याकडून झरीकडे जाताना टेकडीच्या पायथ्याशी आमचा तांडा लागतो. तिथल्या मंदिरामागे सागाची एक उंच बल्ली आहे, तिला मला तारेने आवळून बांधलं आहे. माझा रंग उडाला, कडेला पोचा पडला; पण तोंड अजून परातीएवढं आहे आणि ते टेकडीकडे वळवलेलं आहे. तुम्हाला मी दिसलो नसेन. भोंग्याकडे कुणी पाहत नाही, त्याला फक्त ऐकतात.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. पत्र्याची चकती गरगर फिरवून, दाबून दाबून मला हा आकार दिला. तिथे आम्हा भावंडांना नावं नव्हती. सगळे सारखे, सगळे राखाडी. नाव ही काय चीज असते, ते मला तांड्यावर आल्यावर कळलं.

मला आणलं बादलसिंगने. यवतमाळहून येताना एसटीत त्याने मला वरच्या फळीवर टाकलं नाही, मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, लेकराचं तिकीट काढा." तर बादलसिंग म्हणाला, "काढतो ना, पन बोलाले लागल्यावर."

माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य त्याचंच होतं. "हॅलो, हॅलो, मी बादलसिंग बोलून राह्यलो." सगळा तांडा समोरच उभा होता. बादलसिंग बोलून राह्यला हे त्यांना दिसत होतं, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काय दिवस होते ते. लसीकरणाची बाई आली की मी सांगायचो. रेशन आलं की मी सांगायचो. एकदा बादलसिंग माझ्यातून म्हणाला, "ज्याचा लाल गोऱ्हा दुसऱ्याच्या तुरीत शिरला, त्यानं तो घेऊन जावा. मी कोनाचं नाव घेत नाई. पन हरिसिंगभाऊ, जरा घाई करा." हरिसिंग म्हणजे तांड्याचा नायक, तांड्याचा मुख्य माणूस. तोही हसत हसत गोऱ्हा आणायला धावला होता.

सगळ्या तांड्याची नावं माझ्या तोंडून गेली. पण एका घरात एक नाव मी कधी ऐकलं नाही. बादलसिंगची बायको हंसाबाई नवऱ्याचं नाव घेत नसे. 'किसनचा बाप' म्हणे, नाहीतर नुसतंच 'हे'. आभाळ भरून आलं की सगळे म्हणत, "बादल आले." हंसाबाई तेवढी वाती वळत म्हणायची, "वर भरून आलं." पुढे किसनसिंगचं लग्न झालं, पुष्पा सून म्हणून आली. सासऱ्याचं नाव सुनेनेही घ्यायचं नसतं. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून वावरायची आणि ते नाव वाटेतल्या दगडासारखं टाळून पुढे जायची.

मग बादलसिंग गेला. त्याच साली पुष्पाला मुलगा झाला. म्हातारी माणसं म्हणाली, "आजाच परत आला." आणि लेकराचं नाव ठेवलं बादल.

आता गंमत पाहा. घरात दोन बादल झाले, एक फोटोतला आणि एक पाळण्यातला. लेकरू चारेक वर्षांचं झालं तेव्हा तिसराही आला, तो हंसाबाईच्या गोष्टीतून. रोज दिवेलागणीला ती नातवाला मांडीवर घेऊन माझ्या बल्लीखालच्या ओट्यावर बसायची. "तुह्याच नावाचा एक पोट्टा होता," अशी गोष्ट सुरू व्हायची. तो पोट्टा मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन रानातून जायचा. रानात त्याला चकवा भेटायचा, माणसाला वाट चुकवणारा. आणि हंसाबाई डोळे मोठे करून सांगायची, "चकवा लई लबाड. मायच्या आवाजात हाक मारते, पन त्याले नाव येत नाई. कधी नाव येते, तं मायचा आवाज येत नाई. म्हून तो पोट्टा हुशार. मायचा आवाज अन् आपलं नाव, दोन्ही आल्याबिगर जाग्यावरून हालला नाई."

लेकरू विचारायचं, "मंग?"

"मंग चकवा थकून निंगून गेला."

नाव एक, बादल तीन. आणि घरातल्या दोघी बाया तिघांपैकी एकाचंही नाव घेत नव्हत्या. पुष्पा आपल्या लेकराला 'बाळा' म्हणायची, 'सोन्या' म्हणायची. त्याचा घास, त्याची झोप, त्याचा ताप, सगळं तिच्या हाताखालून जायचं. नाव तेवढं दुसऱ्यांसाठी राहिलं.

याच काळात माझे दिवस पालटले. घरोघरी मोबाइल आले. सांगायचं ते सगळं त्यातच जाऊ लागलं. माझ्या मशीनवर पोतं पडलं, वायर उंदराने कुरतडली. एका उन्हाळ्यात कुंभारीण माशी आली आणि तिने माझ्या घशातच चिखलाचं घर बांधलं. मी काही म्हणालो नाही. भोंग्याला स्वतःचा शब्द नसतो, मित्रांनो. दुसऱ्याने बोलावं, तेव्हाच आम्ही बोलायचं. हे दुःख मला पुरतं कधी कळलं, ते आता सांगतो.

यंदाच्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाची वेचणी चालू होती. नाल्याच्या बाजूला वाघ फिरत होता. त्याच आठवड्यात त्याने एक कालवड नेली होती, म्हणून बाया घोळक्याने वेचायच्या आणि सावल्या लांबल्या की घरी निघायच्या. किसनसिंग कापूस घेऊन पांढरकवड्याला गेला होता. पुष्पा कमरेला ओटी बांधून वेचत होती आणि तिचं लेकरू बांधावर करडाशी खेळत होतं.

मी वरून पाहत होतो. करडू उड्या मारत नाल्याकडे गेलं. लाल स्वेटर त्याच्यामागे गेलं. थोड्या वेळाने करडू शहाण्यासारखं परत आलं. लाल स्वेटर आलं नाही.

मोहाच्या झाडावरचे लंगूर खेकसायला लागले. लंगूर तसे खेकसले की रानातली सगळी जनावरं जागच्या जागी थांबतात. लेकरूही थांबलं. मग गाडरस्त्याखाली पाणी जायला सिमेंटचा पाइप टाकला आहे ना, त्यात ते रांगत शिरलं. बाहेर राहिली फक्त स्वेटरची एक बाही.

मी पाहिलं, मित्रांनो. अख्ख्या तांड्यात फक्त मी पाहिलं. आणि मला सांगता येईना.

पुष्पाने ओटी सोडली. कापूस तिथेच मातीत सांडला. "बाळा, ए बाळा," करत ती उलट्या दिशेला, विहिरीकडे धावली. आईचं काळीज आधी विहिरीकडेच जातं. माणसं गोळा झाली. काही विहिरीकडे गेली, काही टेकडीवर. दोघे तर पाइपाच्या अगदी वरून चालत गेले. "बादल, ए बादल," हाका मारत गेले. बाही आत ओढली गेली. ते पुढे गेल्यावर हळूच परत बाहेर आली.

सूर्य टेकडीला टेकला, तेव्हा हरिसिंग म्हणाला, "असं फिरून जमनार नाई. भोंगा लावा."

लाइन गेलेली होती. तांड्यातला तरणा पोरगा अक्षय, त्याने ट्रॅक्टरची बॅटरी काढून मशीनला जोडली, वायरला गाठ मारली आणि सरसर बल्लीवर चढला. माझ्या तोंडात हात घालून म्हणाला, "याच्यात तं कुंभारनीनं घर बांधलं."

"मंग पूजा घाल तिची," हरिसिंग खालून म्हणाला. "काढ ते, अन् तिथीच थांब. वरून नजर ठेव."

अर्धी माती निघाली, अर्धी आतच राहिली. हरिसिंगने माईक घेतला. "बादल, बेटा बादल, जिथी असशीन तिथून आवाज दे." माझा आवाज फाटका निघाला. टेकडीवर आपटून परत आला. पाइपाबाहेरची बाही झटकन आत गेली.

मग माईक पुष्पाच्या हातात आला. तिचा घसा बसला होता. "बाळा, ए बाळा. मी हावो ना. ये ना रे सोन्या." घशातल्या मातीने मी तो आवाज खरखरीत केला. समोरची टेकडी म्हणाली, बाळा, ए बाळा. कुणी आलं नाही. नाल्यापलीकडचं गवत मात्र दुभंगलं. वारा पडलेला असताना गवतात एक रेघ उमटली आणि हळूहळू पाइपाच्या दिशेने सरकू लागली. अक्षयचं तोंड विहिरीकडे होतं. मला मान नाही, मला तेच पाहत राहावं लागलं.

ओट्यावर हंसाबाई दुखरे गुडघे धरून बसली होती. टेकडीवरून 'ए बाळा' परत आलं तशी ती दचकली.

"पुष्पा, असं नको बोलावू."

"मंग कसं बोलावू, बाई?"

"म्याच सांगतलं त्याले. मायचा आवाज येईन अन् नाव येनार नाई, तं तो चकवा समजजो. मानसं नाव घेऊन गेले, तं त्याहिच्यात मायचा आवाज नव्हता. लेकरू आयकून राह्यलं पुष्पा, पन हालत नाई." तिने माईककडे बोट केलं. "तू नाव घे."

रुपीबाई म्हणून एक म्हातारी होती, ती हळूच म्हणाली, "हंसा, सासऱ्याचं नाव सून घेते का कुठी? लोक काय म्हनतीन?"

"लोक इथीच उभे हायेत. इचारून घे त्याहिले."

पुष्पाने माईक तोंडाशी धरला. ओठ हलले. माझ्यातून नुसता श्वास बाहेर पडला. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा श्वासच. तिला नाव घ्यायचं नव्हतं असं नाही हो. इतकी वर्षं जिभेला जे वळण दिलं, ते जीभ सोडत नव्हती. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि तिकडे गवतातली रेघ नाल्यात उतरली.

हंसाबाई भिंतीला धरून उठली. सुनेजवळ आली. माईकवरच्या तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवला.

"माह्यामागं म्हन," ती म्हणाली. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, "बादल."

किती हळू म्हणाली. मी ते नाव टेकडीपर्यंत नेलं. रुपीबाईने पदर तोंडाला लावला.

"बादल," पुष्पा म्हणाली. आधी कुजबुजत, मग मोठ्याने. "बादल. अरे बादल, मी तुही याडी. बाहेर निंग, बादल. रस्त्यानं ये." याडी म्हणजे आई.

बाही बाहेर आली. मग डोकं. मग अख्खं लाल स्वेटर गाडरस्त्यावर उभं राहिलं.

"तो पाहा," वरून अक्षय ओरडला. "गाडरस्त्यावर, पाइपापाशी."

"ट्रॅक्टर काढा," कुणीतरी म्हणालं.

"बॅटरी काढली तं आवाज बंद होईन," हंसाबाई म्हणाली. "पायानं पळा."

माणसं ताटं बडवत, काठ्या आपटत पळाली. पुष्पाही पळाली असती. तिचं सगळं अंग तिकडे ओढ घेत होतं. पण आवाज थांबला तर लेकरूही थांबेल, हे तिला कळलं होतं. पाय जमिनीत रोवून ती नाव घेत राहिली. मधेच माईक खाली करून वर बघायची. "अक्षय, येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला काकी. तू बोल, बोलत राह्य."

"बादल, मागं नको पाहू. बादल, माह्याकडं ये. बादल."

नाल्याच्या काठावरचं गवत थांबलं होतं. माझ्या ताकदीबाहेर मी त्या आईचा आवाज ताणला. ताटांचा गोंगाट जवळ आला, हरिसिंगने लेकरू उचलून खांद्यावर टाकलं, आणि गवतातली रेघ जशी आली तशी मागे सरकत रानात विरली. सकाळी पाइपाजवळच्या ओल्या मातीत पंजाचे ठसे सापडले. वनरक्षकाने त्यांच्याभोवती काड्या खोवल्या.

पण ती सकाळ नंतरची. आधी लेकरू आईपाशी आलं. पुष्पाच्या हातात माईक तसाच होता. ती खाली बसली, त्याला छातीशी धरलं. लेकरू तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिलं. मग त्याने विचारलं, आणि माईक चालू असल्यामुळे सगळ्या तांड्याने ऐकलं,

"याडी, तुले माहं नाव येते?"

पुष्पाने मान डोलावली. हंसाबाईने नातवाच्या केसांतली माती झटकली. "मले बी येते," ती म्हणाली.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी अक्षयने माझा घसा नीट साफ केला आणि नवी वायर टाकली. आता दर महिन्याला तो मला बोलतं करून पाहतो. तुमच्या गावातही असा एखादा भोंगा बल्लीवर लटकलेला असेल. त्याचं तोंड अधूनमधून पुसा, वायर तपासा. तो कधी लागेल हे सांगता येत नाही, आणि त्याला स्वतःहून हाक मारता येत नाही. तुमचं तसं नाही. तुम्हाला तोंड आहे आणि त्यात शब्दही आहेत. ज्याच्यावर जीव आहे, त्याचं नाव घ्या. कुणाचा मान राखायचा म्हणून ते गिळून ठेवू नका. बादलसिंगला मी चांगला ओळखत होतो. आपलं नाव सुनेच्या तोंडून ऐकून त्याला राग आला नसता. पुन्हा एकदा घ्यायला सांगितलं असतं.

हल्ली संध्याकाळी खालच्या अंगणातून हाक येते, "बादल, जेवाले ये." माझ्यावाचूनच ती तांडाभर ऐकू जाते, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नाही.